'बघू की गं तिकडं गेल्यावर'

प्रिय ताई,

मी ३१ वर्षांची, सोलापुरातल्या एका सहकारी बँकेत नोकरी करते. माझी शाळेपासूनची मैत्रीण पुण्यातली आयटीतली नोकरी सोडून नुकतीच इकडे परत आली आहे. आम्ही दोघींनी जॉर्डनला जायचं ठरवलंय. दसरा झाला की निघायचं, दिवाळीच्या आत परत. बारा दिवस, पाठीवर सॅक, स्वस्तातली हॉस्टेलं, बसने प्रवास. मुंबई-अम्मान जाण्यायेण्याची तिकिटं काढून झाली. त्यापलीकडे काहीही ठरलेलं नाही. विचारलं की ती म्हणते, "बघू की गं तिकडं गेल्यावर. सगळं ठरवूनच जायचं असलं तर टूरबरोबर जा, गळ्यात बिल्ला घालून." वाळवंटातल्या उन्हाचा विषय काढला तर म्हणते, "आपण सोलापूरच्या, आपल्याला ऊन कुणी शिकवायचं?"

मला रात्री झोप येत नाही. शेवटी मी तिला न सांगता पाच रात्रींची हॉटेलं बुक करून ठेवलीत. रद्द केली तर पैसे परत मिळतात, पण तिला कळलं तर चिडेल. दोघींच्या तिकिटांचे पैसेही सध्या माझ्याच कार्डावरून गेलेत, ती "नंतर हिशेब करू" म्हणाली. घरी मात्र पुण्याच्या टूर कंपनीचा बायकांचा ग्रुप आहे असं सांगितलंय, नाहीतर आई पाठवणारच नाही.

वाळवंटी देशात असं न ठरवता जाणं हा वेडेपणा आहे का? आणि बुकिंगचं तिला सांगू, की गुपचूप राहू देऊ?

– काळजीवाहू, जुळे सोलापूर

*

प्रिय काळजीवाहू,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकते. वेडेपणा नाही. जॉर्डनला ढोबळ बेत आखून जाणं हे तासातासाचं वेळापत्रक घेऊन जाण्यापेक्षा शहाणपणाचंच आहे. म्हणजे तुझी मैत्रीण बरोबर आहे. पण आपण का बरोबर आहोत ते तिला ठाऊक नाही, कारण त्या देशाबद्दल तिने काही वाचलेलं दिसत नाही. वाचलं तू, झोप तू घालवलीस, पैसे तू भरलेस, आणि 'बघू की'ची मजा मात्र तिच्या वाट्याला आली. ती निवांत आहे ती तू जागी आहेस म्हणून. गोम इथे आहे, वाळवंट फार नंतर येतं.

तरी आधी तिची बाजू पुरती मांडते, म्हणजे तुला तिच्याशी बोलताना सोपं जाईल.

देश लहान आहे. राजधानी अम्मानपासून दक्षिण टोकाच्या अकाबा बंदरापर्यंत सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर, आपल्या सोलापूर-मुंबईपेक्षा कमीच. अम्मानहून पेट्रा, म्हणजे खडकात कोरलेलं ते प्राचीन शहर, तीन-साडेतीन तास, पेट्राहून वादी रमचं वाळवंट दोनेक तास. एवढ्याशा देशात गाडी चुकली किंवा मुक्काम बदलला तर फार तर एक दिवस जातो. शिवाय तिथल्या मिनीबस म्हणजे आपलं वडाप: भरलं की सुटतं. शुक्रवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, तर ते भरता भरत नाही. 'दहा चाळीसला इथून, सव्वाला तिथे' असा तक्ता करून नेलास तर तो अम्मानच्या पहिल्याच स्टँडवर फाटेल. याला अपवाद 'जेट' या कंपनीच्या मोठ्या बस. त्या वेळेवर सुटतात, जागा आधी राखता येते, आणि पेट्राची गाडी सकाळी लवकर असते. पेट्राला लागून असलेलं गाव वादी मूसा. तिथून वादी रमला जाणारी मिनीबसही सकाळीच निघते. ती चुकली की टॅक्सी, आणि टॅक्सी म्हणजे खिशाला चाट. एवढ्या दोन पहाटे घड्याळाचा गजर लावा, बाकी दिवस मोकळे ठेवले तरी चालतील.

एक ठिकाण मात्र तिला आधीच दाखवून ठेव. माडबा, केराक, दाना असा डोंगरातून जाणारा जुना रस्ता आहे, किंग्ज हायवे. फार देखणा. नकाशावर बघितलं की कुणालाही वाटतं, गावं बघत बघत याच रस्त्याने पेट्राला जाऊ. पण त्या वाटेने पेट्रापर्यंत थेट बस मिळत नाही. तुकड्यातुकड्यांनी जावं लागतं आणि मधल्या टप्प्यात गाड्या अगदी विरळ. दोघींनी टॅक्सीचा खर्च सोसायचा नसेल तर माडबाला एक दिवस काढा (तिथल्या चर्चच्या फरशीवर सहाव्या शतकातला मोझेकचा नकाशा आहे, चुकवू नका), परत अम्मानला या आणि सरळ डेझर्ट हायवेने दक्षिणेला उतरा.

आता पाणी. तू तहानेची काळजी करतेयस. मी तुझ्या जागी असते तर पुराची केली असती. तुम्ही जाताय तो काळ तिथल्या पावसाच्या सुरुवातीचा. उघडेबोडके खडकाळ डोंगर पाणी मुरू देत नाहीत. लांब कुठे तरी सर पडते, तुमच्या डोक्यावर आभाळ निरभ्र असतं, आणि घळीतून लोंढा येतो. २५ ऑक्टोबर २०१८ ला डेड सीजवळ अशाच लोंढ्यात वीसहून जास्त माणसं गेली, त्यांत बहुतेक सहलीला आलेली शाळकरी मुलं होती. पुढच्याच महिन्यात पेट्रातून हजारो पर्यटकांना घाईघाईने बाहेर काढावं लागलं. पेट्राला आत जायची वाट म्हणजे सिक, सव्वा किलोमीटरची अरुंद घळ, दोन्ही बाजूंना उंच कडे. एप्रिल १९६३ मध्ये तिथे २२ फ्रेंच पर्यटक पुरात बुडून मेले. गंमत म्हणजे पेट्रा वसवणाऱ्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या नबातियन लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनी सिकच्या तोंडाशी बांध घालून, बोगदा खोदून पुराचं पाणी बाजूला वळवलं होतं, आणि पिण्याचं पाणी मातीच्या नळांतून शहरात खेळवलं होतं. १९६३ च्या त्या अपघातानंतर तिथे पुन्हा बांध घातला गेला.

त्यामुळे 'आज आत सोडत नाही' असं तिथला पहारेकरी म्हणाला की परत फिरायचं. दुसऱ्या वाटेने घुसायचं नाही, 'आभाळ तर मोकळं आहे की' म्हणून हुज्जत घालायची नाही. आणि तसा एखादा दिवस फुकट गेला तर हाताशी दुसरा हवा. इथे मोकळा बेत खरंच कामी येतो. जॉर्डन पास नावाचा एक पास ऑनलाइन मिळतो. त्यात पेट्राचा एक दिवस धरला तर पास ७० दिनारला, दोन दिवस धरले तर ७५, तीन धरले तर ८०. देशात उतरण्याआधी घेतला आणि किमान तीन रात्री राहिलात तर व्हिसाचे ४० दिनार माफ. नुसतं पेट्राचं एका दिवसाचं तिकीटच ५० दिनार आहे, म्हणजे पास घ्यायचा की नाही हा प्रश्नच उरत नाही. दिनार आपल्या सव्वाशे रुपयांच्या वर आहे, तेव्हा मनात गुणाकार करत बसू नकोस, जेवण जाणार नाही. पण दोन दिवसांचाच पास घ्या. त्या जादा पाच दिनारांत हवामानाचा दिवस आणि पाय दुखण्याचा दिवस, दोन्ही निघतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर जॉर्डनचा व्हिसा पोहोचल्यावर मिळण्याची सोय आहे, पण अटी बदलत राहतात, निघण्याआधी त्यांच्या दूतावासाचं संकेतस्थळ वाच. पासपोर्टवर 'ईसीआर' (ठरावीक देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असा शेरा) लिहिलेलं आहे का तेही दोघींनी बघा. जॉर्डन त्या देशांच्या यादीत आहे. दहावी पास असलेल्यांना तो शेरा लागत नाही, पण जुन्या पासपोर्टवर राहून गेलेला असतो आणि मुंबई विमानतळावर उगीच प्रश्नोत्तरं होतात.

आणि एक गोष्ट अशी की तिथे 'बघू की' अजिबात चालायचं नाही. आजूबाजूला सीरिया, इराक, इस्रायल. जॉर्डनमध्ये पर्यटक सुखरूप फिरतात, पण शेजारी भडका उडाला की विमानं थांबतात. एप्रिल २०२४ आणि जून २०२५ मध्ये जॉर्डनने आपली हवाई हद्द काही काळ बंदच ठेवली होती. निघायच्या आठवड्यात परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचायची. ती 'जाऊ नका' म्हणाली तर तिकिटाचे पैसे बुडाले असं समजायचं. प्रवासविमा काढताना युद्धजन्य परिस्थितीबद्दल काय लिहिलंय ते बारीक अक्षर तूच वाच. बँकेतली आहेस, तुला त्याची सवय आहे.

'आपण सोलापूरच्या' या वाक्यावर मी हसले. अगं, मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या पुढे गेला की आपण काय करतो? दुपारी एक ते चार नवी पेठेत चिटपाखरू दिसत नाही. बाहेर पडायचंच झालं तर स्कूटीवर बसण्याआधी डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये. आपल्याला सवय आहे ती उन्हात न जाण्याची. तेवढीच सवय तिकडे न्या आणि तुमचं उत्तम चालेल. ऑक्टोबरअखेरीस तिथलं ऊन आपल्या मे महिन्यासारखं नसतं, पण सावली शोधून सापडत नाही, आणि कोरड्या हवेत घाम तिथल्या तिथे वाळतो, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळतच नाही. पेट्राचं फाटक सकाळी सहाला उघडतं, तेव्हाच आत शिरा. वरच्या मठाकडे, अद-देइरकडे, आठशेच्या आसपास पायऱ्या आहेत, आणि परतीची वाट सिकमधून चढाची आहे हे उतरताना कुणाच्या लक्षात येत नाही. माणशी तीन लिटर पाणी, ओआरएसच्या चार पुड्या. स्कार्फ तर तुमच्या डिकीत असतोच. वादी रमला रात्री गारठा पडतो, स्वेटर हवा. चादर नेऊ नकोस. आपली चादर कितीही लाडकी असली तरी पाठीवर दगड होतो, आणि कॅम्पवाले ब्लँकेट देतात.

खाण्याचं टेन्शन घेऊ नको. फलाफल, हुमस, फुल म्हणजे वालासारख्या दाण्यांची उसळ, आणि खुब्ज ही त्यांची रोटी, यांवर शाकाहारी माणसाचं व्यवस्थित भागतं. तिखटाची मात्र बोंब. शेंगा चटणीचं पाकीट आणि कडक भाकऱ्या घ्या, बाराच्या बारा दिवस टिकतात.

आता बुकिंग. तिला सांग. आज नाही तर उद्या, पण फोनवर नको, समोर बसून. तू ही बुकिंगं सुरक्षिततेसाठी केलीस हे खरंच आहे. पण स्वतःला एकदा विचार: अम्मानला रात्री दहा वाजता दोघी रस्त्यावर उभ्या आहात, खोली मिळत नाही, आणि तू खिशातून मोबाइल काढून म्हणतेस, 'माझ्याकडे आहे एक बुकिंग', हा प्रसंग तू मनात किती वेळा रंगवलास? मला वाटतं, बऱ्याच वेळा. त्या क्षणी तुला 'बघ, मी म्हणत नव्हते?' असं म्हणायचंय. तसं म्हणालीस की पुढचे अकरा दिवस ती तुझी पाहुणी आणि तू तिची वॉर्डन. दोघींनाही ते नको असणार.

शिवाय पाचही रात्रींची गरज नाही. माझ्या मते चार खुंट्या पुरतात. अम्मानच्या पहिल्या दोन रात्री, कारण विमानतळ शहरापासून तीसेक किलोमीटर लांब आहे, थकून उतरलेल्या माणसाकडून जास्त पैसे उकळले जातात, आणि इमिग्रेशनला पत्ता विचारतात. वादी रमच्या कॅम्पची एक रात्र, कारण गावाच्या पुढे डांबरी रस्ता संपतो, जीपने न्यायला कुणी तरी यावं लागतं आणि ते आधी ठरलेलं बरं. शेवटची रात्र पुन्हा अम्मान, विमान चुकू नये म्हणून. पेट्राची खोली दोन दिवस आधी फोनवरून मिळून जाते, वादी मूसात हॉटेलं रग्गड आहेत. बाकी सगळं मोकळं सोड. अकाबात समुद्रात डुंबायचं की डेड सीवर तरंगायचं, की कुणी सांगितलं म्हणून जेराशचे रोमन खांब बघायला उत्तरेला जायचं, ते तिथेच ठरू दे. तो आनंद तुझी मैत्रीण खरंच ओळखते, तिच्याकडून घे.

पण खुंट्या ठोकायचं काम एकटीने करायचं नाही. दोन तू ठोक, दोन तिने. वादी रमचा कॅम्प तिला शोधू दे: किती पैसे, त्यात जीप धरली आहे का, जेवण आहे का, रात्री तिथे आणखी कोण असतं, बायकांनी काय अभिप्राय लिहिलेत. तिने शोधलेला कॅम्प तुला आवडला नाही तरी तिथेच राहायचं. हे तुला जड जाईल, ठाऊक आहे. तिने निघायच्या आठ दिवस आधीपर्यंत काहीच केलं नाही, तर तेव्हा तू करू नकोस. मधे पडलीस तर ती आयुष्यभर 'बघू की' म्हणत राहील आणि तू बघत राहशील. कॅम्प ठरला नाही तर वादी रम राहून जाईल, जगबुडी येणार नाही.

पैशाचं तू एका वाक्यात उरकलंस, तेव्हाच मला कळलं की ते तुला सलतंय. तुझ्या बँकेत कुणी पन्नास हजार मागायला आलं तर तू दोन जामीनदार, पगाराची स्लिप आणि सह्यांचे कागद मागतेस. इथे नोकरी सोडलेल्या माणसाला 'नंतर' या मुदतीवर कर्ज दिलंस. तिला वाईट वाटेल म्हणून तू गप्प आहेस. ती गप्प आहे, कारण तिच्याकडे बहुधा सध्या पैसे नाहीत आणि ते म्हणायची तिला लाज वाटते. 'ठरवून काय करायचं' या बाण्यामागे थोडं तेही असेल असं मला वाटतं. बुकिंग म्हटलं की आगाऊ पैसे आले. बेत मोकळा ठेवला की आकडा समोर येत नाही.

म्हणून आकडा तूच समोर आण. तिकिटाचे इतके, परत कधी देशील, एकदम की हप्त्यांत. तारीख ठरवा. ती म्हणाली, नवी नोकरी लागल्यावर, तर तेही चालेल, पण मग मनातून तो पैसा गेला असं धर आणि पेट्राच्या पायऱ्यांवर त्याची आठवण काढू नकोस. तिथल्या खर्चासाठी एक वेगळं पाकीट ठेवा. रोज सकाळी दोघींनी सारखे दिनार टाकायचे, बस, पाणी, जेवण, खोली त्यातूनच. पाकीट एक दिवस तुझ्याकडे, एक दिवस तिच्याकडे. ज्या दिवशी तिच्याकडे असेल त्या दिवशी तिने टॅक्सीवाल्याला दोन दिनार जास्त दिले तरी तू तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायचं. रोजच्या खर्चाचा आकडा मात्र तिच्या खिशाप्रमाणे ठरवा, तुझ्या नव्हे. तुला जास्तीचं काही हवं असेल, मृत समुद्राच्या चिखलाचा साबण वगैरे, ते तुझ्या पैशाने.

आता ते घरचं. तुझ्या सबंध पत्रातली सगळ्यात धोक्याची गोष्ट हीच आहे. वादी रमच्या कॅम्पमध्ये तुझा पाय मुरगळला, किंवा त्या आठवड्यात विमानं बंद झाली, तर आई घाबरून कुणाला फोन करणार? पुण्यातल्या एका टूर कंपनीला, जिने तुमचं नावही ऐकलेलं नाही. तुमचा बेत जितका मोकळा, तितकं तुम्ही आत्ता कुठे आहात हे इथे कुणाला तरी नक्की ठाऊक असलं पाहिजे. टूरवाल्यांकडे ते आपसूक असतं. तुमच्याकडे त्यासाठी आईच आहे.

तेव्हा खरं सांग. आई दोन दिवस बोलणार नाही, भांडी आपटतील, मावशीला फोन जाईल. वयाच्या एकतिसाव्या वर्षी, स्वतःच्या पगारावर जाणाऱ्या मुलीने एवढं सोसावं. सांगायला जाशील तेव्हा हातात कागद ने: विमानाचे नंबर, त्या चार मुक्कामांचे पत्ते आणि फोन, पासपोर्टच्या झेरॉक्स, विम्याचा नंबर, अम्मानमधल्या भारतीय दूतावासाचा नंबर. कोऱ्या हाताने 'आम्ही दोघीच जाणार' म्हणण्यापेक्षा हे बरं उतरतं. आणि रोजची एक वेळ ठरवून दे. जॉर्डन आपल्या अडीच तास मागे आहे. तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे आपले साडेआठ, आईची जेवणाची आणि मालिकेची वेळ. तेव्हा एक ओळ: कुठे आहोत, उद्या कुठे. ज्या रात्री वादी रमच्या आत असाल तेव्हा रेंज नसेल हे आधीच सांगून ठेव, नाहीतर त्या रात्री इकडे कुणी झोपणार नाही. मैत्रिणीच्या घरीही हेच सांगायला हवं, पण ते तिचं तिने.

दोघी बायका म्हणून एक. जॉर्डनचे लोक अगत्यशील आहेत. दुकानदार चहा देतो तो बहुतेक वेळा नुसता चहाच असतो. पण पेट्रा आणि वादी रमच्या भागात परदेशी बायकांशी गोडगोड बोलून, 'माझ्या गुहेत चल, खरं वाळवंट दाखवतो' म्हणून रात्रीच्या मुक्कामाला बोलावणारे काहीजण असतात. प्रवाशांना याबद्दल बजावलं जातं ते उगीच नाही. तुझी मैत्रीण अशा आमंत्रणाला चटकन 'चल की' म्हणणारी वाटते. म्हणून जायच्या आधी एक ठरवा: दोघींपैकी एक नाही म्हणाली की दोघींचं नाही. कारण द्यायचं नाही, समोरच्या माणसासमोर वाद घालायचा नाही. हा अधिकार तुला आहे तसा तिलाही आहे, आणि तू तो 'आज मला कंटाळा आलाय'साठी वापरायचा नाहीस. अंग झाकणारे सैल सुती कपडे घाला. आपले कुर्ते-सलवार तिथे चांगले मिसळून जातात.

एवढं सगळं बोलून झालं की लगेच जॉर्डनची वाट बघू नका. पुढच्या जोडून सुट्टीला दोघी बदामीला जा. सोलापूर-गदग रेल्वेमार्गावरच आहे, मधे विजापूर लागतं. खोली बुक करायची नाही. पहिला दिवस तिच्या मनाप्रमाणे, दुसरा तुझ्या. विजापुरात उतरून गोलघुमट बघायचा की सरळ पुढे जायचं, हे गाडीत बसल्यावर ठरवा. गाडी उशिरा येईल, भूक लागेल, लेणी चढताना एकीचे पाय दुखतील. ती चिडल्यावर गप्प होते की बडबडते, तू घाबरल्यावर सूचना देत सुटतेस का, ते दोन दिवसांत कळेल. शाळेपासूनची मैत्री असली तरी तिच्याबरोबर सलग अठ्ठेचाळीस तास तू बहुधा शाळेच्या सहलीनंतर काढलेले नाहीस.

आणि समजा हे सगळं सांगितलंस आणि ती भडकली, 'तू बदललीस गं' म्हणाली, तरी तिकिटं रद्द करू नका. अम्मानपर्यंत बरोबर जा. तिथे तीन दिवस वेगवेगळं फिरायचं ठरवलं तरी चालतं: तू पेट्राला, ती तिला वाटेल तिकडे, आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी अकाबात भेटायचं. जागा मात्र निघण्याआधी नक्की करा, हॉटेलच्या नावानिशी. आणि त्या तीन दिवसांत दोघींनीही, एकमेकींना आणि घरी, रोज सहाच्या ठोक्याला ती एक ओळ पाठवायची.